बायडाक्काला जीपीएस लावला

माझं शिक्षण चौथीपर्यंत. वेलांटी पहिली कुठं आणि दुसरी कुठं हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आता या वयात विचारायची लाज वाटते. त्यामुळे चुका असणार, त्या सांभाळून घ्याव्यात. अक्षरही मेथीची जुडी सुटून पडल्यासारखं आहे. दिवसभर पानमळ्यात विड्याची पानं खुडून बोटं आखडतात, मग पेन धरलं की तेही वेलासारखं वर वर चढतं, ओळीवर राहत नाही. पण हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. बायडाक्का आता आमच्या निमगाव केतकीत राहत नाही. तिची आठवण आली की मला एकटीलाच हसू येतं. परवा पानं खुडता खुडता हसले, तर शेजारच्या ओळीतली बाई म्हणाली, "काय गं सुमन, बरी हाईस न्हवं?" तेव्हा ठरवलं, हसायचंच तर कागदावर हसावं.

बायडाक्काच्या आणि माझ्या घरात फक्त एक शेवग्याचं झाड. ती उंच, काटक, पन्नाशी ओलांडलेली आणि कायम घाईत. तिला चालताना मी फारसं पाहिलंच नाही. पाणी आणायला जातानाही तिची दुडकी चाल असायची. तिचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून मेंढरांच्या बाजारात ते हिलाच बरोबर न्यायचे. जनावर घेताना त्याचा जबडा उघडून दात बघायचे, वय कळतं, हे ती तिथं शिकली आणि मग जन्मभर सगळ्याच गोष्टींचे दात बघत राहिली.

"दात बघितल्याबिगर न्हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. कुकर घेतला तरी दुकानात झाकण दहादा लावून काढून बघायची. लेकीसाठी कोऱ्हाळे बुद्रुकचं स्थळ आलं, तेव्हा तिनं मुलाला पगार विचारला नाही, जमीन विचारली नाही. कडक शेंगदाण्याचा लाडू पुढं केला. त्यानं तो कडाकडा फोडून खाल्ला. बायडाक्का तिथल्या तिथं म्हणाली, "ठरवा."

तिचे मालक किसनआबा. ते डेअरीचा टेंपो चालवायचे, गावोगावचं दूध गोळा करायचे. माणूस साधा, पण एका शब्दानं भडकायचा. तो शब्द म्हणजे जीपीएस. झालं असं होतं की, आबा रोज कळसच्या फाट्यावर टेंपो लावून गरम भजी खायचे. कित्येक वर्षांची सवय. मग डेअरीनं सगळ्या गाड्यांना जीपीएसची डबी बसवली, आणि आठवड्यातच साहेबानं बोलावून विचारलं, "आबा, कळसला रोज इतका वेळ काय करता? तिथं तर आपलं संकलन नाही." आबांनी टायर बघतो म्हणून सांगितलं. साहेब म्हणाला, "रोज एकाच जागी टायर कसा काय बिघडतो?" त्या दिवसापासून भजी बंद. आबा म्हणायचे, "बायकोनं न्हाय पाळत ठेवली कधी, ती ह्या डबीनं ठेवली."

आमच्याकडं जीपीएस सगळ्यांना माहीत आहे तो असाच. नाहीतर हप्त्याच्या ट्रॅक्टरवर. फायनान्सवाले ट्रॅक्टरला डबी लावून देतात. हप्ता थकला की तिकडं बसल्या जागी ट्रॅक्टर बंद पाडतात, शेतात भर सरीत. कर्ज निल झालं, म्हणजे सगळं फिटलं, की माणूस येऊन डबी काढून नेतो. म्हणजे डबी दिसली की समजायचं, एकतर ह्याच्यावर संशय आहे, नाहीतर ह्याच्यावर बोजा आहे. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.

बारामतीच्या एक डॉक्टर मॅडम सायकलचा सराव करायला इंदापूर रस्त्यानं यायच्या. एकदा त्यांचं चाक बायडाक्काच्या शेळ्यांच्या गोठ्यासमोर पंक्चर झालं. मॅडम फोन लावत उभ्या होत्या, तोवर अक्कानं चाक काढून घमेल्यात बुडवून भोक शोधलंसुद्धा. बोलता बोलता कळलं की मॅडम दातांच्या डॉक्टर आहेत. मग काय विचारता! "म्हंजी तुमी बी दातच बघताय? मग आपुन येकाच धंद्यातल्या," म्हणून अक्कानं त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

चहा पिताना मॅडमनी सांगितलं की बारामतीत एक शर्यत आहे. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. ट्रायथलॉन म्हणतात.

"तराय-थलान," अक्का म्हणाली. "नावातच तरायचं हाय. मग ह्यात नवं काय? शेळी पाटात पडली की मी पवती, पाला आनायला सायकल हाणती, आन् बोकड सुटला की पळती. येका सकाळी तिन्ही व्हत्यात."

मॅडम हसल्या, पण त्यांच्या डोक्यात किडा शिरला. पन्नाशीच्या वरच्या बायकांच्या गटात त्या वर्षी एकही नाव नव्हतं. त्यांनी अक्काला नाव द्यायला लावलं.

मला वाटलं होतं, अक्का चार दिवसांत विसरेल. शेवग्याखाली शेंगा निवडताना मी भीत भीत विचारलं, "अक्का, कशाला गं ह्या वयात?"

ती म्हणाली, "सुमे, ल्हानपणी मेंढरांच्या मागं पळाले. मग शेळ्यांच्या मागं. मग पोरांच्या मागं, आन् डबा इसरला की ह्यांच्या टेंपोच्या मागं. येकदा म्होरं कोन बी नसताना पळून बघायचंय. कसं वाटतं ते."

मी सूप जवळ ओढलं आणि शेंगा निवडत राहिले.

पण शर्यतीला डॉक्टरची सही लागते. मॅडमनी तिला बारामतीत हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं पळत्या पट्ट्यावर उभं केलं, तर ही बया पट्टा सुरू होताच बोकड सुटल्यासारखी धावली. डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे, पण तुम्हाला हळू हा प्रकारच माहीत नाही. ठोके दीडशेच्या वर गेले की चालायचं, खाली आले की पळायचं. हातात ठोके दाखवणारं घड्याळ घ्या, ते घालून सराव करा आणि मला येऊन दाखवा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

म्हणजे घड्याळ नाही तर सही नाही, सही नाही तर शर्यत नाही. मॅडम म्हणाल्या, असल्या घड्याळात जीपीएस असतो, किती अंतर गेलात तेही कळतं. झालं! किसनआबा जेवता जेवता उठले.

"जीपीएस? माझ्या घरात? टेंपोत येक हाय, ती कमी पडली व्हय?"

"आवो, ही माझ्या हाताला असंल."

"आन् तू टेंपोत बसलीस की? मंग दोन दोन डब्या माझ्या भज्याची साक्ष देनार!"

"तुमी भजी सोडली म्हनला व्हता न्हवं?"

आबा परत ताटावर बसले. मग म्हणाले, "किती रुपयाचं हाय ते?" अक्कानं सांगितलं. सतरा हजार. आबा म्हणाले, "त्यात दोन गाभण शेळ्या येत्यात." अक्का म्हणाली, "शेळी ठोके मोजती का?"

घड्याळ घ्यायला आम्ही बारामतीला किती फेऱ्या मारल्या ते आठवत नाही. मी सोबतीला. मला अनोळखी दुकानात शिरायचं म्हटलं की घाम फुटतो, मी दारातच चपलांजवळ उभी राहायचे. अक्का मात्र आत जाऊन काउंटरवर कोपर टेकायची, जसं बाजारात मेंढरं कोंडायच्या वाड्याच्या कुंपणाला टेकतात.

पहिलं घड्याळ स्वस्त होतं. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे बेस्ट आहे, फक्त मोबाईल जवळ ठेवायचा. जीपीएस मोबाईलचा घेतं."

"म्हंजी ह्याचं टाळकं दुसऱ्याच्या खिशात? पवताना मोबाईल कुठं ठिवू, अंबाड्यात? न्हाय. ज्याचं डोकं त्याच्याकडं असंल असं दावा."

मग त्यानं सगळ्यात भारी काढलं. आरशासारखी काच, बोट फिरवलं की नकाशे यायचे. मलाही दारातून ते आवडलं. अक्का म्हणाली, "बादलीभर पानी आना."

"कशाला?"

"दात बघितल्याबिगर न्हाय."

दुकानदार कळवळला, पण मॅडमच्या ओळखीचं गिऱ्हाईक, करतो काय! तांब्याभर पाणी आणलं. अक्कानं घड्याळ बुडवलं, ओल्या बोटानं काचेवर फिरवलं. घड्याळाला काही कळेना. एकदा नकाशा, एकदा गाणी, एकदा कुणाला तरी फोन. मग ती तशीच बाहेर पडली. दुकानदार मागं धावला, त्याला वाटलं घड्याळ गेलं. ही रस्त्याच्या मधोमध भर उन्हात उभी राहून मनगटाकडं बघतेय. "उनात आंधळं हाय हे. घरात देखणं, रानात ठार. आसला जावई बी नगं मला."

तिसरं दिसायला अगदी साधं होतं. मळकट पाटी, मोठे आकडे, कडेला पाच बटणं. उन्हात जास्तच स्वच्छ दिसायचं. ओल्या हातानं बटण दाबलं तरी ऐकायचं. एकच बटण दाबलं की पोहण्यातून सायकलीत आणि सायकलीतून पळण्यात जायचं. पण हातात बांधलं तर ठोके कधी साठ, कधी एकशे ऐंशी. दुकानदारही चक्रावला. शेवटी कळलं, हिरव्या बांगड्या मध्ये येत होत्या, घड्याळ कातडीला टेकतच नव्हतं.

"बांगड्या काढा ना मावशी."

"मालक जित्ता हाय माझा!" अक्का गरजली, आणि घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराच्या अलीकडं आवळून बांधलं. ठोके एका जागी आले. त्यानंतर ती ते कायम तिथंच बांधायची, ताईत बांधावा तसं.

आता भाव. मेंढरांच्या बाजारात जुनी माणसं भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. अक्कानं सरळ दुकानदाराचा हात धरला, वरून पदर टाकला आणि त्याची बोटं दाबायला लागली.

"अहो मावशी! काय करताय! फिक्स रेट आहे!"

"वरडू नगा. भाव चारचौघांत बोलत न्हाईत."

दुकानदाराची बायको गल्ल्यावर बसली होती. तिनं मान वर करून बघितलं. दुकानदाराचा चेहरा चुन्यासारखा झाला. हात ओढतोय, पण शेळीची धार काढणारं मनगट ते, सुटतंय कुठलं! शेवटी तो म्हणाला, "पाचशे कमी करतो आणि वर एक पट्टा फुकट देतो, पण हात सोडा." अक्का बाहेर येऊन मला म्हणाली, "बोटांचं कळत न्हाय गं त्येला, पर मानूस समजूतदार हाय."

पैसे आम्हा बायकांच्या बचत गटातून काढले. खजिनदार कमलताई, नियमाला फार कडक. कर्जाचं कारण विचारलं. शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, असली कारणं चालायची. अक्का म्हणाली, "यंत्र लिवा." कमलताई म्हणाल्या, "काय काढतं यंत्र?" अक्का म्हणाली, "घाम." सगळ्या हसल्या आणि कर्ज मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी ती कोपराजवळ काळी डबी बांधून रस्त्यानं पळाली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बायडाक्काला जीपीएस लावला. कर्ज काढलं म्हणून गटानं बसवला. कुणी म्हणे, हप्ता चुकला तर कमलताई घरी बसून बटण दाबते आणि बायडाक्का जागच्या जागी बंद पडते. ठोके दीडशेला पोचले की अक्का पळायची थांबून चालायला लागायची, ते पारावरची माणसं बघायची. "बघा, बघा, बंद पाडली! हप्ता ऱ्हायला वाटतं!" एका म्हाताऱ्यानं तर कमलताईंना गाठून सांगितलं, "ताई, गरिबाची बाई हाय, चढावर तरी बंद पाडत जाऊ नगा." कमलताईंनी कपाळाला हात लावला. अक्काला याचा राग आला नाही. ती उलट म्हणायची, "आसू द्या. हप्ते फिटले की डबी काढत्यात, तवा सगळ्यांम्होरं काढीन."

सरावाचा हिशेब मॅडम फोनवर विचारायच्या. एके दिवशी अक्कानं पोहण्याचं अंतर आणि वेळ सांगितली, तर मॅडम धावतच निमगावात आल्या. "अक्का, या वेगानं देशाकडून खेळणाऱ्या मुलीही पोहत नाहीत! काय केलंत?"

"काय न्हाय. नेमीपरमानं पाटात पवले."

मॅडमनी पाट बघितला. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. पाणी दोन्ही काठ धरून धो धो वाहत होतं. अक्का पाण्याबरोबर गेली होती, बिचारं घड्याळ पाण्याचा वेग हिच्या नावावर घालत होतं.

"परत कशा आलात?"

"ह्यांच्या टेंपोतनं."

मग मॅडमनी तिला साचलेल्या पाण्यात पोहायला नेलं, उजनीच्या फुगवट्याला, इंदापूरकडं. तिथं वेग एकदम गळाला. परत येताना मी टेंपोत अक्काच्या शेजारी होते. ती मला म्हणाली, "सुमे, इतकं दिस पानी पवत हुतं गं. मी नुसती बसले हुते." तिला एवढं पडलेलं मी तेव्हाच बघितलं. वेळेत नाही संपवलं तर शर्यतीतून बाहेर काढतात, पदक नाही, काही नाही, हे मॅडमनी सांगितलं होतं. त्यानंतर ती पाटाकडं फिरकली नाही. रोज इंदापूरला जायची.

पण त्या घड्याळानं आमच्या गटाचं फार भलं केलं. पळून दमून आलं की ते सांगायचं, आता इतके तास विश्रांती घ्या. अक्कानं एकदा बैठकीत दाखवलं. बहात्तर. मॅडमनी तिला आकड्याचा अर्थ सांगितला होता.

"बहात्तर काय?"

"बहात्तर तास आराम कर म्हनतंय. म्हंजी तीन दिस."

सगळ्या घड्याळावर वाकल्या. बायकांना तीन दिवस आराम सांगणारं यंत्र कुणी आजवर पाहिलंच नव्हतं. मग एक जण हळूच म्हणाली, "अक्का, जरा माझ्या हाताला बांध की." पण नुसतं बांधून ते काही सांगेना. पळायला लागतं. मग काय, दर रविवारी बैठक झाली की शाळेच्या मैदानावर एकेक जण पदर खोचून घड्याळ बांधून पळायला लागली. आराम मिळवायला पळायची. आली की घड्याळ घरी नेऊन नवऱ्याला दाखवायची. कमलताईही पळाल्या. त्यांना अठ्ठेचाळीस मिळाले. त्या म्हणाल्या, "माझ्या सासूला फक्त हे आकडे दाखवायला अजून एक फेरी मारते."

किसनआबा म्हणाले, "माझ्या डबीनं कधी आराम सांगितला न्हाय. ही बायकांची डबी येगळीच दिसती."

सही मिळाली. शर्यत रविवारी आली, नेमकी गटाच्या बैठकीच्या दिवशी. कमलताई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम, गैरहजर त्याला दहा रुपये दंड. मी दंड भरला आणि अक्काबरोबर गेले. अक्का म्हणाली, "मी कामाला चाललेय, फिरायला न्हाय. मी दंड देनार न्हाय." आबा येणार नाही म्हणाले होते. तळ्यावर पोचलो तर डेअरीचा टेंपो झाडाखाली उभा. "टायर बघतोय," आबा म्हणाले.

सगळ्या मुली अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, आणि अक्का पंजाबी ड्रेसमध्ये, अंबाड्यावर गुलाबी रबरी टोपी ताणलेली. मला तिच्याकडं बघवेना. शिट्टी वाजली. ती पाण्यात गेली आणि साचलेलं पाणी तिनं दोन्ही हातांनी मागं लोटलं. बाहेर आली तेव्हा तिच्या मागं अजून तिघी पाण्यात होत्या. सायकलीवर मात्र त्या तिघी तिच्या पुढं गेल्या. मॅडमची जुनी सायकल होती, गिअर बदलायला ती भ्यायची.

पळताना ऊन चढलं होतं. रस्त्यावर बाकी कुणी उरलं नव्हतं. अक्का येताना दिसली, दहा पावलं पळत, दहा पावलं चालत, आणि तिच्या मागं हळूहळू रुग्णवाहिका. शेवटचा माणूस असेल त्याच्या मागं ती असते म्हणे. घामानं तिचे डोळे भरले होते, आकडे दिसत नव्हते, पुन्हा पुन्हा ओढणीनं काच पुसत होती.

आबांना राहवेना. ते चपला फटफटत तिच्या बाजूनं पळायला लागले. "बायडे, पळ की गं! येळ संपत आलीय!"

"किती झालेत बघा ठोके. मला दिसंना."

"ठोके मरू दे! पळ! कोन बघतंय?"

अक्कानं चालता चालताच हात पुढं केला. "हे बघतंय. तुमास्नी ठाव हाय, हे कसं बघतं ते."

 आबांनी वाकून डबीत बघितलं. "एकशे एक्कावन. चाल." थोडं पुढं गेल्यावर, "एकशे चाळीस. आता पळ." आयोजकांपैकी एक जण ओरडला, "काका, स्पर्धकाबरोबर पळू नका, बाजूला व्हा!" आबा म्हणाले, "मी माझा चाललोय. तुमी ह्या रस्त्याची पावती दावा." आणि पुन्हा डबीत वाकून, "एकशे पंचेचाळीस. हळू, बायडे, हळू."

शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीची हवा सोडायला माणसं उभी होती. अक्का त्या कमानीखालून वेळेच्या आत गेली. तिच्या वयाच्या गटात ती एकटीच, म्हणून पहिली, आणि सगळ्यांत शेवटची. पदक हातात आल्याबरोबर तिनं ते दाढेखाली धरून चावलं. मॅडम ओरडल्या, "अक्का, दात जाईल!" अक्का म्हणाली, "खरं हाय."

मग मॅडमनी घड्याळ बघितलं आणि खाली बसून हसायला लागल्या. अक्का पाण्यातून बाहेर येताना ते एक बटण दाबायला विसरली होती. घड्याळाच्या हिशेबात ती तळ्यातून निघून बारामतीच्या डांबरी रस्त्यानं पोहत गेली होती, आणि अजूनही पोहतच होती.

"मग? मी म्हनत हुते न्हवं," अक्का म्हणाली, "नावातच तरायचं हाय."

परत येताना टेंपोत मी तिला विचारलं, "अक्का, म्होरं कोन नसताना पळून कसं वाटलं?"

"म्होरं सगळेच हुते गं," ती म्हणाली. "पर जल्मात पैल्यांदा माझ्या मागं कोनतरी हुतं. ॲम्ब्युलन्स का असंना." आणि इतकी हसली की आबांना कळसच्या फाट्यावर टेंपो थांबवावा लागला. तिनं स्वतः उतरून तिघांना भजी घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं कोऱ्हाळ्याला लेकीकडं राहायला गेली. आबांना डेअरीनं तिकडचा रस्ता दिला होता. हप्ते अजून राहिले होते. सगळ्यांनी सांगितलं, मोबाईलवरून पाठव. अक्का म्हणाली, "मंग सायकल कुठं हाणू?" दर महिन्यातल्या एका रविवारी ती कोऱ्हाळ्याहून निघून बारामती ओलांडून निमगावात यायची, कमलताईंच्या हातात पैसे द्यायची, माझ्याकडं घोटभर चहा प्यायची आणि परत.

शेवटचा हप्ता भरायला आली त्या दिवशी देवळाच्या ओवरीत गट बसला होता. सायकलच्या मागं टेंपोही येऊन थांबला. सुट्टी होती म्हणून आबा सोबत आले होते, सबंध रस्ता तिच्या मागून. वैतागले होते. "डेअरीचा तीनदा फोन आला. म्हनत्यात, आबा, टेंपो ढकलत नेताय का?"

अक्कानं पैसे मोजून दिले. मग ती उभी राहिली, कोपराजवळचा पट्टा सोडला आणि घड्याळ सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "बघा गं. बोजा उतरला. जीपीएस काढला." बायकांनी टाळ्या वाजवल्या. पट्ट्याखालची कातडी गोरी राहिली होती, कांद्याच्या पातीच्या बुडासारखी. तिनं घड्याळ तिथंच परत बांधलं. "इतकं दिस गटाचं हुतं. आता माझं." बटण दाबलं, सायकलवर टांग टाकली आणि गेली. चहालाही थांबली नाही. दिवस मावळायच्या आत बारामती गाठायची होती.

ती गेली आणि कमलताई म्हणाल्या, "अगं, दहा रुपये राहिले. शर्यतीच्या दिवसाचा दंड. तो भरल्याशिवाय निल म्हणता येत नाही मला."

मी रस्त्यावर मोठ्यानं बोलणारी बाई नाही. पण अक्कानं सगळ्यांसमोर डबी काढली होती आणि बोजा तसाच राहिला होता, हे मला बघवेना. मी पळाले. चप्पल सुटली तरी पळाले आणि "आबाऽऽ" अशी हाक मारली, ती माझी मलाच ओळखू आली नाही. अक्का केव्हाच पुढं गेली होती. दूर उसाच्या मधल्या रस्त्यावर ताठ पाठ, सायकल, आणि मागं तिच्या चालीनं रांगत चाललेला टेंपो. टेंपो थांबला. आबांनी खिडकीतून डोकं काढलं. मी धापा टाकत दंडाचं सांगितलं.

"ती देनार न्हाय म्हनली हुती," आबा म्हणाले.

"तिला कळलं न्हाय अजून."

त्यांनी खिसा चाचपला, दहाचं नाणं काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "सांगू नगा तिला. आन् जा आता, थांबलो म्हनून फोन यील." टेंपो निघाला. पुढं ठिपक्याएवढ्या झालेल्या अक्कानं मागं न बघताच हात वर करून पुढं चला अशी खूण केली, मेंढरांना करतात तशी.

मी परत आले आणि नाणं कमलताईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं, गटाच्या पैशांच्या डबीत टाकलं आणि म्हणाल्या, "बायडाक्का निल."